पासवर्डची वही

माझ्या कपाटात एक वही होती. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, हजेरीला वापरतात तसली. तिच्यात त्र्याऐंशी मुलामुलींची नावं, त्यांचे इमेल आणि समोरच्या रकान्यात त्यांचे पासवर्ड होते. सगळं माझ्या अक्षरात. कपाटाला कुलूप होतं, किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात असायची, आणि तरीही दर शनिवारी धुळ्याहून जळगावला घरी निघाले की पारोळ्याच्या आसपास एकदा शंका यायचीच. कुलूप लावलं ना? मग उरलेला रस्ता मी मनातल्या मनात कपाटासमोर उभी असायचे.

मी मूळची काळजीखोर. आई म्हणते, ही पोरगी आभाळ भरलं की घरातसुद्धा छत्री उघडून बसेल. धुळ्याच्या त्या कॉलेजात मी मराठी शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे दर वर्षी नव्यानं मुलाखत, नव्यानं ऑर्डर आणि मधले दोन महिने देवाचं नाव. घर जळगावला, मेहरूणमध्ये. सोमवारी पहाटेच्या एसटीनं यायचं, देवपुरातल्या खोलीवर आठवडा काढायचा, शनिवारी परत. स्टाफरूममध्ये मी वयानं सगळ्यांत लहान, आणि वयानं लहान असलेल्या बाईला कॉम्प्युटर येतोच, अशी तिथल्या ज्येष्ठांची पक्की समजूत होती. त्यामुळे प्रवेशाचे, परीक्षेचे, शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे, जे जे फॉर्म ऑनलाइन झाले ते ते माझ्या टेबलावर येऊन पडले.

आमच्या मुलांचं म्हणाल तर त्यांच्या हातातला फोन एक मिनिट खाली राहत नसे. रील कापायची, त्यावर गाणं चढवायचं, लग्नाच्या पत्रिकेचा हलता व्हिडिओ करायचा, हे ती चालता चालता करत. पण इमेल विचारला की वर्ग गप्प. "मॅडम, तो मोबाईलच्या दुकानवाल्याकडे आहे," असं एकानं मला गंभीरपणे सांगितलं होतं. फोन घेताना दुकानदारानं काहीतरी नाव टाकून, काहीतरी पासवर्ड टाकून फोन सुरू करून दिलेला. ते नाव काय, पासवर्ड काय, हे विचारायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. बऱ्याच जणांच्या इमेलमध्ये दुकानाचंच नाव होतं.

म्हणून एके दिवशी दुपारी मी सगळा वर्ग कॉम्प्युटरच्या खोलीत बसवला आणि एकेकाचे नवे इमेल काढले. पासवर्ड सगळ्यांचा एकाच साच्यातला. स्वतःचं नाव, मग ते @ चं चक्र, मग एक दोन तीन. मुलं विसरणार हे गृहीत धरून मी ते वहीत उतरवून घेतले. तेव्हापासून फॉर्म भरायचा म्हणजे मुलांनी रांगेत उभं राहायचं, मी विचारायचं, त्यांनी सांगायचं आणि बटण मी दाबायचं. आलेले मेलही मीच उघडून बघायचे आणि ज्याचा असेल त्याला वर्गात निरोप द्यायचे. आज कबूल करते, मला ते आवडायचं. ज्याची नोकरी कायम नाही त्याला आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही भावना फार गोड लागते.

आणि अशा मला कॉलेजनं डिजिटल साक्षरतेचं व्याख्यान द्यायला उभं केलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. सभागृह भरलेलं, मागे बॅनर, प्राचार्य पहिल्या रांगेत. मी तावातावानं बोलले. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, मित्राला नाही, भावाला नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. बँकेचा साहेब म्हणून फोन आला तरी नाही, कॉलेजची मॅडम म्हणून आला तरी नाही. आता माणसाच्या आवाजाचीही नक्कल होते, तेव्हा ओळखीच्या आवाजावरही जाऊ नका. टाळ्या पडल्या. त्या वेळी वरच्या मजल्यावर, कुलपात, त्र्याऐंशी पासवर्ड माझ्या अक्षरात बसलेले होते, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

व्याख्यानाच्या शेवटी मी गृहपाठ दिला. नवरात्रात घरी जाल तेव्हा घरातल्या, शेजारच्या पाच जणांना हे शिकवा आणि त्यांच्या सह्या घेऊन या. सुट्टीनंतर कागद आले. बहुतेकांच्या पाचही सह्या एकाच पेनानं, एकाच वळणाच्या, एकाच बैठकीत केलेल्या. एकानं तर आजीची सही इंग्रजीत ठोकली होती. मी ते सगळे जमा करून घेतले. आम्हीही विद्यापीठाला पाठवायचे अहवाल असेच करतो.

एकच कागद वेगळा होता. त्यावर दोन सह्या आणि तीन अंगठे होते. अंगठ्यांची शाई पसरली होती आणि कागदाला चुलीच्या धुराचा वास येत होता. तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीचा होता.

ही मुलगी साक्री तालुक्यातली, पार पश्चिमेची. एसटी जिथे परत फिरते तिथून पुढे तासभर चालायचं. पावसावरचं भात, थोडी नागली, उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायची, असं त्यांचं घर. गावात फोनला रेंज नाही. टेकाडावर एक मोठं मोहाचं झाड आहे, तिथे तेवढे दोन दांडे येतात. त्यामुळे गावातले सात-आठ फोन दिवसभर त्या झाडालाच असतात, कापडी पिशव्यांत, फांद्यांना टांगलेले. कुणाचा वाजला की जो जवळ असेल तो उचलतो आणि खाली शेतात हाक मारतो. हे तिनंच एका निबंधात लिहिलं होतं. मी त्याखाली "छान निरीक्षण" असा शेरा मारून मोकळी झाले होते.

वर्गात ती कमी बोलायची. पहिल्या वर्षी प्रवेशाला आली तेव्हा तिच्या पायांत चपला नव्हत्या, एवढं मला पक्कं आठवत होतं. जूनचं ऊन होतं. मी फॉर्म भरता भरता टेबलाखाली बघितलं आणि मनात म्हटलं, काय ही गरिबी. विचारलं मात्र नाही. विचारणं बरं दिसणार नाही असं वाटलं.

धुळ्यात ती मावशीकडे राहायची. मावशीचं घर दिवाळीनंतर सुरतला कामाला जाणार होतं, खोली सोडून. म्हणून तिनं मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज केला होता. अर्थात मीच भरला होता. यादी जुलैत लागायची ती लागता लागता ऑक्टोबर संपत आला. जागा मिळाली नाही तर शेवटचं वर्ष घरी बसून, नुसती परीक्षेपुरती येऊन करायचं, असं तिच्या घरी ठरलं होतं. त्या गावातून परीक्षेपुरतं येणारं कुणी पदवीपर्यंत पोहोचल्याचं तिला माहीत नव्हतं, आणि हे तिनं मला एकदा जिन्यात, घाईघाईत सांगितलं होतं. "मॅडम, यादीवर लक्ष ठेवा बरं." मी म्हणाले, "ते माझ्यावर सोड."

तो दिवस विद्यापीठाच्या परीक्षेचा होता. दोन ते पाच पेपर. मला पर्यवेक्षण नव्हतं, म्हणून जेवण आटोपून, सव्वादोनला वही उघडून मी मेल बघायला बसले. दोन दिवस पेपरांच्या गडबडीत बघितले नव्हते. मग तिचा मेल उघडला. वसतिगृहात जागा मिळाली होती. मेल परवाचा. संकेतस्थळावर जाऊन जागा स्वीकारायची होती, मुदत आज सायंकाळी पाचपर्यंत. नाही स्वीकारली तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

मी लगेच संकेतस्थळ उघडलं. वहीतला पासवर्ड टाकला, आत शिरले, "स्वीकारा" दाबलं. समोर चौकट आली. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे, दहा मिनिटांत टाका. खाली बारीक अक्षरांत, ओटीपी जास्तीत जास्त तीन वेळा मागवता येईल.

तिचा स्वतःचा नंबर तो नव्हे. आधार काढलं तेव्हा ती शाळेत होती आणि घरात एकच फोन होता, वडिलांचा. म्हणजे तो ओटीपी त्या क्षणी साक्रीच्या डोंगरात, मोहाच्या झाडाला टांगलेल्या पिशवीत जाऊन पडला होता. आणि मुलगी खालच्या मजल्यावर पेपर लिहीत होती, तिचा फोन बंद करून दप्तरात, दप्तर वर्गाबाहेर.

मी वडिलांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पाचव्यांदा कुणीतरी उचलला.

"कोन बोली ऱ्हायनं?" म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"अक्का, मी धुळ्याच्या कॉलेजातून बोलतेय. हा फोन ज्यांचा आहे त्यांना बोलवा ना. त्यांच्या मुलीचं काम आहे."

"तो वावरमा शे. भात कापी ऱ्हायनात बठ्ठा. काय व्हयनं पोरले?"

"काही झालं नाही हो. सरकारी काम आहे, लवकर हवंय."

"सरकारी काम आनि लवकर?" ती हसली. मग फोन बाजूला धरून तिनं खाली शेताकडे अशी हाक मारली की मी कान दूर केला.

ते येईपर्यंत दहा मिनिटं उलटून गेली आणि पहिला ओटीपी वाया गेला. फोनवर धापा ऐकू आल्या तेव्हा मी दुसरा मागवला. "भाऊ, नमस्कार. मी तुमच्या मुलीची मॅडम. आत्ता तुमच्या फोनवर एक मेसेज येईल. त्यात सहा आकडे असतील, तेवढे मला वाचून दाखवा."

मग आवाज आला, सावकाश, सभ्य. "मॅडम, रागे भरू नका. पन तो नंबर मी सांगाव नही."

"भाऊ, मी खरंच तिची मॅडम आहे."

"व्हशात. मी कोठे नही म्हनस? पन मनी आंडेरनी सांगेल शे. कॉलेजनी मॅडम म्हनीसन फोन उना तरी सांगानं नही."

"अहो, पण तुमच्या मुलीला हे मीच शिकवलंय!"

"मंग त तुमले म्हाईतच शे," ते म्हणाले.

मला हसू येण्याऐवजी रडूच आलं. घड्याळात तीनला पाच कमी होते. मी वसतिगृहाचं सांगितलं, मुदतीचं सांगितलं, जागा जाईल हे सांगितलं. ते ऐकत होते, मधून मधून "हां" म्हणत होते, पण शब्द फिरवत नव्हते. मग म्हणाले, "एक इचारस. मनी आंडेर पहिल्यांदा धुयाले गई, तवय यष्टीमा काय इसरी उनी? हाई सांगा, मंग नंबर सांगस."

मुलीनं घालून दिलेली ती अट होती. मी सभागृहात आवाजाच्या नकलेचं बोलले होते ना, त्यावर तिनं घरी स्वतःचा उपाय काढला होता. जो कुणी तिच्या नावानं काही मागेल त्याला, पहिल्या प्रवासात ती एसटीत काय विसरली, हा प्रश्न विचारायचा. उत्तर फक्त घरच्यांना ठाऊक. मी आमच्या सगळ्या अहवालांत असं काही वाचलेलं नाही.

"डबा?" मी म्हणाले.

"नही."

"छत्री? कागदपत्रं?"

"नही, मॅडम. ठेवस मी. भात कापाना राहेल शे."

"भाऊ, थांबा! झाडाखालून जाऊ नका." मी ओरडलेच. "पाचपर्यंत तिथेच बसा. तुमच्या मुलीशीच बोलणं करून देते. मग तर सांगाल?"

"बरं. बठस आठेच."

दुसरा ओटीपीही गेला. आता एकच राहिला होता.

मी खाली परीक्षा विभागात धावले. तिथले ज्येष्ठ सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, पाच मिनिटं तिला बाहेर सोडा, माझ्यासमोर एक फोन करेल आणि परत बसेल. सर म्हणाले, "मॅडम, पेपर चालू असताना परीक्षार्थीला फोन? उद्या कुणी म्हणालं पेपर फुटला, तर तुमची नोकरी जाईल. आणि माझीही." बरोबरच होतं त्यांचं. निरोपाची चिठ्ठीही आत जाऊ शकत नाही, एवढं तर मलाही ठाऊक होतं. तिनं स्वतःहून पेपर दिला तरच ती बाहेर येणार, आणि ती शेवटच्या घंटेपर्यंत लिहिणारी मुलगी. घंटा पाचला.

वसतिगृहाच्या कार्यालयाचा नंबर सापडला, तो कुणी उचलला नाही. मी वर गेले, संगणकासमोर बसले, उठले, खाली आले. दर वेळी वाटायचं, तेवढ्यात वेबसाइट बंद पडेल, वीज जाईल, वडिलांच्या फोनची बॅटरी संपेल. झाडाला कुठे चार्जर आहे? मी त्यांना पुन्हा फोन करून बॅटरी विचारावी असं वाटलं, आणि विचारण्यानंच ती संपेल म्हणून केला नाही. तिकडे एक माणूस कापणी सोडून झाडाखाली बसला होता, माझ्या शब्दावर, ज्या शब्दावर विश्वास ठेवू नका असं मीच सांगितलं होतं.

मी ठरवलं होतं की तिच्या वर्गाच्या खिडकीकडे फिरकायचं नाही. इशारा केला तर तो गुन्हा. तरी मी त्या व्हरांड्यातून तीनदा गेले. इशारा केला नाही, थांबलेही नाही, देवाशप्पथ. पण तिसऱ्यांदा जाताना साडेचारच्या सुमाराला तिनं मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. माझा चेहरा कसा होता ते मला माहीत नाही. तिचा बदललेला मी पाहिला.

मी जिन्यापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच ती मागून धावत आली. दप्तर छातीशी, ओठ पांढरे. पेपर देऊन आली होती.

"मॅडम, घरी काय झालं? आबा बरे आहेत ना?"

तिला वाटलं होतं, घरून मयताचा निरोप आलाय आणि मी तो देऊ शकत नाहीये. तिच्या दृष्टीनं मॅडम खिडकीशी घिरट्या घालणार त्या दुसऱ्या कशासाठी? मी म्हणाले, "काही झालं नाही. आबा ठणठणीत आहेत. वसतिगृह मिळालंय, ओटीपी हवाय." ती जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. तिला रडूही येईना आणि रागही येईना, असं काहीतरी चाललं होतं. मग म्हणाली, "एक प्रश्न सोडून आले मी. येत होता."

मी तिला हात धरून वर नेलं.

माझ्या टेबलाशी तिनं स्वतःचा फोन सुरू केला आणि वडिलांना लावला. पहिल्याच घंटीला उचलला. "आबा, मीच शे," ती म्हणाली.

"मीच म्हनजे कोन? यष्टीमा काय इसरनी व्हती, ते पहिले सांग."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, मग फोनवर हात आडवा धरून हळूच म्हणाली, "चपला, आबा. दोन्ही."

गाडी लागली होती तिला, नंतर सांगितलं. आयुष्यातला पहिला लांबचा प्रवास, ओकाऱ्या करून करून सीटवर मांडी घालून बसलेली, धुळ्याच्या स्टँडवर घाईघाईत तशीच उतरली. चपला नव्या होत्या, प्रवेशासाठी घेतलेल्या. त्याच दिवशी मी टेबलाखाली बघून मनातल्या मनात तिची गरिबी ठरवून मोकळी झाले होते. एक शब्द विचारला असता तर त्या दुपारी तीन वाजता मला उत्तर देता आलं असतं.

पण तेव्हा हा विचार करायला वेळ नव्हता. चार त्रेचाळीसला मी तिसरा ओटीपी मागवला. "उना का, आबा?" "नही उना." एक मिनिट. दोन. "उना का?" "थांब, वारा शे, फांदीकडे धरस." मी टेबलाची कड घट्ट धरून उभी होते. ती माझ्या मानानं शांत होती. तिला त्या झाडाची सवय होती. चार एकोणपन्नासला वडील म्हणाले, "उना. लिख." आणि एकेक आकडा त्यांनी असा सावकाश सांगितला की प्रत्येकामागे एक श्वास गेला. शेवटच्या आकड्यानंतर म्हणाले, "आते हाई इसरी जाजो."

"जागा निश्चित झाली आहे," असं हिरव्या अक्षरांत आलं. मी खुर्चीत बसले आणि मग लक्षात आलं की ती अजून उभीच आहे. तिकडे वडील फोनवर विचारत होते, आता भात कापायला जाऊ का. ती म्हणाली, जा. फोन ठेवला.

मला वाटलं, ती आता आभार मानेल. खरंच वाटलं, लाज वाटते सांगायला. मी "अगं, त्यात काय" म्हणायची तयारीसुद्धा केली होती. ती पडद्याकडे वाकून बघत होती. मागे उघडाच राहिलेला मेल तिनं पुढे आणला.

"मॅडम, हा परवा आलाय."

"हो."

"मग मला का नाही दिसला? माझा फोन तर परवा दिवसभर माझ्याजवळ होता."

मी समजावून सांगितलं. तिच्या फोनवर दुकानदाराचा इमेल आहे, हा वेगळा, मी काढून दिलेला. तो तिच्या फोनवर कधी जोडलाच नव्हता. मेल मी बघते. दोन दिवस बघायचा राहिला. चूक माझी, अगदी माझी, असं मी दोन-तीनदा म्हणाले. ती ऐकत होती तिच्या वडिलांसारखीच, मधून मधून "हां" म्हणत.

मग तिची नजर टेबलावरच्या वहीवर गेली. उघडीच होती. "यात सगळ्यांचे आहेत?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं बोट फिरवत आपली ओळ शोधली. आपलं नाव, इमेल आणि पुढे माझ्या गोल, नीटस अक्षरात तिचा पासवर्ड. ती ते बराच वेळ वाचत राहिली.

"मॅडम, तुम्ही म्हणाला होतात ना, भावालासुद्धा सांगायचा नाही."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी रागावू तरी शकले असते. मी म्हणाले, तुम्ही विसरता म्हणून, तुमच्याच सोयीसाठी. बोलता बोलताच मला ते पोकळ वाटू लागलं. तीन वर्षांत मी या मुलांना एकदाही स्वतःच्या हातानं आत शिरू दिलं नव्हतं, आणि त्यालाच मी शिकवणं म्हणत होते. जागा गेली असती तर ती झाडामुळे नाही, वडिलांमुळे नाही, माझ्या त्या नीटस अक्षरामुळे गेली असती.

मी पेन पुढे केलं. "खोड तुझी ओळ."

तिनं पेन घेतलं, पण ओळ खोडली नाही. पेन वहीवर ठेवलं आणि म्हणाली, "खोडून काय होईल? तुमच्या लक्षात असेलच. बदलायचा कुठून, ते दाखवा."

मी खुर्चीवरून उठले आणि तिला बसवलं. कुठे जायचं, काय दाबायचं, ते बाजूला उभी राहून सांगितलं. माऊस एकदाही माझ्या हातात घेतला नाही. ती चुकीच्या ठिकाणी गेली तरी हात मागे बांधून धरले. शेवटी नव्या पासवर्डाची रिकामी चौकट आली. तिनं बोटं कळफलकावर ठेवली आणि थांबली. मला वाटलं, सुचत नसेल. सवयीनं मी बोलूनही गेले, "सोपा ठेव हं, लक्षात राहील असा. आधी नाव, मग..."

ती मान वळवून माझ्याकडे बघत होती.

"मॅडम," ती अगदी अदबीनं म्हणाली, "तुम्ही जरा तिकडे तोंड करता का?"

मी खिडकीकडे तोंड केलं. खाली पाचची घंटा झाली होती, मुलं वर्गांतून बाहेर येत होती, फोन सुरू करत होती. मागे कळा वाजू लागल्या, हळूहळू, एकेक. मी सवयीनं मोजायला लागले, आणि चारवर आल्यावर मोजायचं थांबवलं.